दूध कुठे गेले? : ‘ॲनिमल फार्म’चा वर्गातील अभ्यास

जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाची ‘ॲनिमल फार्म’ ही छोटी कादंबरी १७ ऑगस्ट १९४५ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. पहिली आवृत्ती साडेचार हजार प्रतींची होती. पुढे जगातील अनेक भाषांत तिची भाषांतरे झाली आणि ती शाळेतही जाऊन बसली. इंग्लंडमधील मुले वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास जी शालेय परीक्षा देतात, तिच्यासाठी निवडता येणाऱ्या पुस्तकांच्या यादीत ती आहे. अमेरिकेतील अनेक शाळांतही ती वर्गात वाचून घेतात. जे पुस्तक छापावयास लंडनचे नामवंत प्रकाशक एकामागून एक नकार देत होते, ते पोरांच्या दप्तरात जावे ही गोष्ट आनंदाचीच आहे. परंतु पाठ्यपुस्तक झाले की पुस्तकाला एक रोग जडतो. त्यातील प्रश्न गळून जातात आणि पाठ करण्याजोगी उत्तरे तेवढी उरतात. ते हरवलेले प्रश्न वर्गात परत कसे आणता येतील, याचा विचार आज करावयाचा आहे.

आम्ही साहित्याचे पंडित नव्हे. आमचे आयुष्य कामगारांच्या सभा, मागण्यांची पत्रके आणि वर्गणीच्या पावत्या यांत गेले. वाचन झाले ते फावल्या वेळी, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. तरीही या पुस्तकावर बोलण्याचा थोडासा अधिकार आम्ही सांगतो, आणि त्याचे कारण पुस्तकाच्या मजकुरातच आहे. वरवर पाहता ही डुकरांची आणि घोड्यांची गोष्ट आहे. पण आत शिरून पाहावे तर तीत सभा आहेत, ठराव आहेत, कामाचे तास आहेत, शिधा आहे, नावाला ऐच्छिक पण नाकारल्यास पोटाला चिमटा बसेल असे रविवारचे काम आहे, आणि म्हातारपणाचे निवृत्तिवेतनही आहे. अशा गोष्टींत आमचे केस पांढरे झाले आहेत.

लेखक आणि त्याची गोष्ट

ऑर्वेल हे टोपणनाव. खरे नाव एरिक आर्थर ब्लेअर. जन्म १९०३ साली आपल्या देशात, बिहारमधील मोतिहारी येथे. वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. लहानपणीच तो इंग्लंडला गेला. मोठेपणी ब्रह्मदेशात त्याने सुमारे पाच वर्षे पोलिसांत नोकरी केली आणि साम्राज्याचा चाबूक हातात धरून तो कसा चालतो हे पाहिले. पुढे स्पेनच्या यादवी युद्धात तो लोकसत्ताकाच्या बाजूने लढला. १९३७ साली तेथे त्याच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. आणि त्याहून मोठा घाव असा की, ज्या पक्षाच्या पथकात तो लढत होता, त्यालाच कम्युनिस्टांच्या आग्रहावरून बेकायदा ठरवण्यात आले. त्याला पत्नीसह स्पेनमधून निसटावे लागले. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४३ या काळात, तो बी. बी. सी.च्या पौर्वात्य विभागात काम करीत होता. त्याने इंग्रजीत लिहिलेली वार्तापत्रे मराठी, गुजराती, बंगाली व तमिळ या भाषांत उतरवून प्रक्षेपित केली जात. वेणू चितळे या महाराष्ट्रकन्या त्याच विभागात त्याच्याबरोबर काम करीत होत्या. ती नोकरी सोडल्यावर, नोव्हेंबर १९४३ ते फेब्रुवारी १९४४ या महिन्यांत, त्याने हे पुस्तक लिहिले.

गोष्ट थोडक्यात अशी. जोन्स नावाचा दारूडा शेतमालक जनावरांना खायला घालावयाचे विसरतो. मेजर या म्हाताऱ्या डुकराने मरण्यापूर्वी त्यांना मुक्तीचे स्वप्न सांगितलेले असते. भुकेली जनावरे उठतात, मालकाला हाकलून देतात, शेत आपले करतात. समतेची सात सूत्रे भिंतीवर रंगवली जातात. लिहिता-वाचता येणारी डुकरे कारभार पाहू लागतात. त्यांतील स्नोबॉल आणि नेपोलियन या दोघांची स्पर्धा होते. नेपोलियन गुपचूप वाढवलेले नऊ कुत्रे सोडून स्नोबॉलला हाकलतो. त्यानंतर सूत्रे एकेक करून बदलतात, शिधा घटतो, पवनचक्की दोनदा पडते आणि पुन्हा बांधावी लागते, कबुलीजबाब आणि कत्तली होतात. राबणारा बॉक्सर घोडा खाटकाला विकला जातो. शेवटी माणसांबरोबर पत्ते खेळणारी डुकरे आणि ती माणसे यांच्या चेहऱ्यांत फरक राहत नाही.

रशियाची किल्ली

वर्गात पहिला धडा असतो तो कोण कोणाचे रूप हे सांगण्याचा. तो आवश्यकच आहे. रूपककथा वाचताना मूळ घटना ठाऊक नसतील तर निम्मा अर्थ हातातून निसटतो. तेव्हा विद्यार्थ्याला हे नीट सांगितले पाहिजे, की उठाव म्हणजे १९१७ ची रशियन क्रांती. मेजरमध्ये मार्क्स आणि लेनिन या दोघांच्याही छटा आहेत. स्नोबॉल म्हणजे १९२९ साली देशाबाहेर घालवलेला आणि १९४० साली मेक्सिकोत मारला गेलेला ट्रॉट्स्की. नेपोलियन म्हणजे स्टालिन. कुत्रे म्हणजे गुप्त पोलीस. पवनचक्कीत पंचवार्षिक योजना दिसतात. अंडी देण्यास नकार देणाऱ्या कोंबड्यांत सामुदायिक शेतीच्या सक्तीला झालेला शेतकऱ्यांचा विरोध दिसतो. भर सभेतील कबुलीजबाब म्हणजे १९३६ ते १९३८ चे मॉस्को खटले. शेजारच्या शेतमालकाशी झालेला लाकडाचा सौदा म्हणजे ऑगस्ट १९३९ चा हिटलर-स्टालिन करार, आणि त्याच शेजाऱ्याने केलेला हल्ला म्हणजे १९४१ ची जर्मन स्वारी. शेवटचा पत्त्यांचा डाव तेहरान परिषदेनंतर लिहिला, असे लेखकाने स्वतःच सांगून ठेवले आहे. ती परिषद १९४३ च्या अखेरीस झाली.

एवढे पाठ करून विद्यार्थी परीक्षेत मार्क मिळवतो. मग निष्कर्षाचे वाक्य येते, की सत्ता माणसाला भ्रष्ट करते. लॉर्ड ॲक्टन यांनी १८८७ साली एका पत्रात लिहिले ते वस्तुतः एवढेच, की सत्तेचा कल भ्रष्टतेकडे असतो. शाळेपर्यंत येता येता त्यातला ‘कल’ हा शब्द गळून पडला आणि मागे राहिला तो निसर्गनियम. पाऊस पडला की चिखल होतो, तशी सत्ता आली की भ्रष्टता. मग ह्या धड्यातून सोळा वर्षांचे पोर काय शिकते? मालक बदलला तरी चाबूक तोच, तेव्हा उठून उपयोग नाही. संघटना करणारे सगळे शेवटी सारखेच. आपण आपले पाहावे. असे म्हणणारा तरुण सभासद गेटवर आम्हांला नेहमी भेटतो. त्याने ‘ॲनिमल फार्म’ वाचलेले नसते, पण त्याचे मत हुबेहूब तेच असते. अन्यायाच्या विरुद्ध लिहिलेले पुस्तक जर हेच शिकवणार असेल, तर जोन्ससाहेबांनी ते फुकट वाटले तरी त्यांचा तोटा नाही.

लेखकाला असा निष्कर्ष अभिप्रेत नव्हता. डिसेंबर १९४६ मध्ये ड्वाइट मॅक्डोनल्ड या अमेरिकन मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने आपला हेतू स्पष्ट केला आहे. त्याचा भावार्थ असा, की जनता जागी असेल आणि पुढाऱ्यांचे काम झाल्यावर त्यांना खाली उतरवण्याची कला तिला अवगत असेल, तरच क्रांतीतून खरी सुधारणा होते. आणि गोष्टीतले निर्णायक वळण कोणते, तेही त्याने बोट ठेवून दाखवले आहे. ते वळण कुत्रे सुटण्याचे नव्हे, कत्तलीचे नव्हे. डुकरांनी दूध आणि सफरचंदे स्वतःसाठी ठेवली, ते. तेथे इतर जनावरांनी पाय रोवून ‘नाही’ म्हटले असते तर पुढचे टळले असते, असे त्याचे म्हणणे होते.

पाच बादल्या दूध

हा प्रसंग दुसऱ्या प्रकरणाच्या अगदी शेवटी येतो आणि वर्गात तो बहुधा ओलांडून जातात. विजयाचा दिवस असतो. गाईंच्या कासा तटतटलेल्या. डुकरे दूध काढतात. पाच बादल्या भरतात. एकजण विचारतो, या दुधाचे काय करायचे? एक कोंबडी आठवण करून देते, की जोन्ससुद्धा कधी कधी आमच्या भरड्यात दूध घालीत असे. नेपोलियन बादल्यांसमोर उभा राहतो आणि म्हणतो, दुधाचे पाहता येईल, आधी गवत कापणी महत्त्वाची. सगळे शेतावर जातात. संध्याकाळी परततात तेव्हा दूध नाहीसे झालेले असते.

आमच्या संघटनेच्या अभ्यासवर्गात आम्ही हे पुस्तक तोंडी मराठी करीत प्रकरणवार सांगितले. या जागी एका फिटरने हात वर केला आणि विचारले, “बादल्या पाच, हे लेखकाला ठाऊक आहे, पण शेतावर कोणी लिहून ठेवले होते का?” साऱ्या अभ्यासाचा गाभा या एका प्रश्नात होता. त्या दिवशी कोणी लिहून ठेवले नाही, संध्याकाळी कोणी विचारले नाही, आणि विचारणारी कोंबडी एकटी पडली.

दूध डुकरांच्या भरड्यात जाते हे पुढच्या प्रकरणात कळते. झाडाखाली पडलेली सफरचंदेही त्यांनाच. मग स्क्वीलर नावाचे वाक्पटू डुक्कर समजूत घालायला येते. आम्हांला दूध आवडतच नाही, पण डोक्याचे काम करणाऱ्यांस ते आवश्यक असल्याचे विज्ञानाने सिद्ध केले आहे. आम्ही खातो ते तुमच्यासाठी. आणि आम्ही कमी पडलो तर जोन्स परत येईल! यातील शेवटचा भाग आम्हांला फार परिचयाचा आहे. शत्रूची भीती खरी असते, आणि खरी असते म्हणूनच ती हिशेब झाकण्याच्या कामी येते.

येथे शिक्षकाने एक गोष्ट मुद्दाम दाखवावी. दूध-सफरचंदांच्या बाबतीत सर्व डुकरांचे एकमत होते. प्रत्येक विषयावर भांडणारे स्नोबॉल आणि नेपोलियन येथे मात्र एक होते. स्नोबॉल चांगला व नेपोलियन वाईट, अशी सरळ वाटणी करून वर्ग मोकळा होतो, ती या एका वाक्यापाशी अडते. आणि मागची इतिहासाची खूणही येथेच आहे. ऑर्वेलने त्या पत्रात या प्रसंगाच्या जोडीने क्रोनस्टॅट हे नाव लिहिले आहे. मार्च १९२१ मध्ये क्रोनस्टॅटच्या खलाशांनी सोव्हिएतांच्या निवडणुका गुप्त मतदानाने नव्याने घ्या, कामकरी-शेतकऱ्यांना भाषणस्वातंत्र्य द्या, कामगार संघटना मोकळ्या राहू द्या, अशा मागण्या केल्या. क्रांतीच्या सरकारने सैन्य पाठवून त्यांचा बीमोड केला. त्या वेळी लेनिन हयात होता आणि युद्धखाते ट्रॉट्स्कीच्या हाती होते. म्हणजे बिघाड नेपोलियनच्या स्वभावातून सुरू झाला नाही. प्रश्न विचारण्याची जागा बंद झाली तेथून तो सुरू झाला.

भिंत, चोपडी आणि आकडे

यानंतरचे पुस्तक आम्ही लेखी कागदाची गोष्ट म्हणून वाचतो. उठावानंतर स्नोबॉल प्रौढांचे साक्षरतावर्ग काढतो. कोणाला किती वाचता येते, हे लेखक नेटकेपणाने सांगतो. डुकरांना उत्तम येते. म्युरिएल शेळी चांगले वाचते. क्लोव्हर घोडीला अक्षरे येतात, पण शब्द जुळत नाहीत. बॉक्सर वर्णमालेच्या चौथ्या अक्षरापुढे सरकत नाही. बेंजामिन गाढवाला डुकरांइतकेच वाचता येते. पण वाचण्यासारखे काही नाही, असे म्हणून तो वाचतच नाही. बहुसंख्य जनावरे पहिल्या अक्षरापाशीच थांबतात, आणि त्यांच्यासाठी सात सूत्रांचे एक सोपे घोषवाक्य करून दिले जाते. मेंढरे ते तासन् तास घोकतात. पुढे कोणी शंका काढली की हाच घोष उठतो आणि चर्चा बुडते. घोषणा आम्हीही देतो, मोर्चाला त्या लागतात. पण घोषणेने सभेतील प्रश्न बुडवता येतो, हे ज्याला दिसत नाही त्याने सभा चालवू नये.

डुकरे बिछान्यात झोपू लागली तेव्हा क्लोव्हरला वाटते, याविरुद्ध काहीतरी सूत्र होते. तिला वाचता येत नाही, म्हणून ती म्युरिएलला वाचायला लावते. भिंतीवर सूत्र असते, पण त्यात चादरीचा उल्लेख वाढलेला असतो. म्हणजे बिछान्याला मनाई नव्हती, चादरीला होती! मद्याच्या आणि हत्येच्या सूत्रांनाही अशाच शेपट्या फुटतात. एका रात्री स्क्वीलर मोडक्या शिडीखाली, रंगाच्या डब्याशेजारी पडलेला सापडतो; तरीही बेंजामिनखेरीज कोणाला उमगत नाही, आणि तो काही बोलत नाही.

याहून बोधप्रद प्रसंग व्यापाराचा आहे. शेजाऱ्यांशी पैशाचा व्यवहार करावयाचा नाही, असा ठराव पहिल्याच सभेत झाल्याचे अनेकांना आठवते. स्क्वीलर विचारतो, तुम्हांला स्वप्न तर पडले नाही ना? असा ठराव कोठे लिहिलेला आहे का? लिहिलेला नसतो हे खरेच, आणि म्हणून आपलेच काही चुकले असे समजून जनावरे गप्प बसतात. सभेचे इतिवृत्त का लिहावे, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम का करावे, हे समजावून देण्यास या प्रसंगासारखा धडा आम्हांला दुसरा ठाऊक नाही. नवशिक्या सभासदाला तो सोपस्कार कंटाळवाणा वाटतो. पण भिंत कारभाऱ्यांच्या ताब्यात असते, आणि चोपडी सर्वांसमोर वाचली जाते. या दोहोंतील अंतर म्हणजेच समतेचे आयुष्य.

आकड्यांचेही तेच. शिधा कमी केला तर ‘कपात’ म्हणावयाचे नाही, ‘फेरजुळणी’ म्हणावयाचे. स्क्वीलर यादी वाचतो : उत्पादन दोनशे टक्के वाढले, तीनशे टक्के वाढले, पाचशे टक्के वाढले. पूर्वी काय स्थिती होती हे कोणाला स्पष्ट आठवत नाही, म्हणून ताळा घेता येत नाही. लेखक येथे जनावरांच्या मनातले सांगतो : आकडे थोडे कमी असते आणि दाणा थोडा जास्त असता तर बरे झाले असते. आपल्याकडे १९२६ साली कामगार संघटनांचा कायदा झाला, तेव्हा सभासदाला आपल्या संघटनेच्या हिशेबाच्या वह्या पाहता याव्यात अशी तरतूद त्यात घालण्यात आली. ज्यांनी ती घातली त्यांना पाच बादल्यांचे मर्म कळत होते. वही मागणारा सभासद पदाधिकाऱ्याला त्रासदायक वाटतो, हे आम्ही पदाधिकारी म्हणून जाणतो. पण तो त्रासच संघटनेला जिवंत ठेवतो.

दोन शाळा

वर्गात शिकवल्या जाणाऱ्या या पुस्तकात शाळेबद्दल काय आहे, हे मात्र वर्गात क्वचितच विचारले जाते. स्नोबॉलच्या प्रौढवर्गांविषयी वर सांगितलेच. नेपोलियनला त्यांत रस नाही. मोठ्यांना शिकवण्यापेक्षा लहानांचे शिक्षण महत्त्वाचे, असे तो म्हणतो, आणि कुत्र्यांची नऊ पिल्ले आईपासून तोडून माळ्यावर नेतो. ती तेथे आहेत हे हळूहळू सर्व विसरतात. पुढे सुटतात ते हेच नऊ कुत्रे. शेवटी शेवटी तर डुकरांच्या पिलांसाठी वेगळी शाळा बांधण्याचे ठरते, आणि त्यांनी इतर जनावरांच्या पिलांशी खेळू नये अशी ताकीद मिळते. हा भाग वाचल्यावर विद्यार्थ्याला एवढेच विचारावे : आपला वर्ग यांपैकी कोणत्या शाळेसारखा आहे? पाठ केलेले उत्तर लिहून बाहेर पडणारा मुलगा माळ्यावरून उतरतो की प्रौढवर्गातून?

बॉक्सरचे निवृत्तिवेतन

बॉक्सर आमच्या अभ्यासवर्गात सर्वांचा लाडका होता. दोन घोड्यांइतके काम तो एकटा करी. प्रत्येक अडचणीवर त्याची दोनच उत्तरे : स्वतः आणखी राबायचे, आणि नेपोलियनचे म्हणणे बरोबर मानायचे. १९३५ साली स्टाखानोव्ह नावाच्या खाणकामगाराच्या नावाने रशियात जी जादा उत्पादनाची चळवळ उभी राहिली, तिची छाया येथे दिसते. पण बॉक्सर ओळखण्यासाठी रशियाला जावे लागत नाही.

आरंभी निवृत्तीचे नियम ठरले होते : घोडा व डुक्कर बाराव्या वर्षी, गाय चौदाव्या वर्षी, निवृत्त घोड्याला रोज पाच पौंड दाणा. बागेपलीकडचे एक कुरण निवृत्तांसाठी राखलेले होते. मग तेथे जवाचे पीक घेण्याचे ठरते, आणि मोठ्या कुरणाचा एक कोपरा निवृत्तांना मिळेल अशी नुसती बोलवा उठते. त्या दिवसापर्यंत एकही जनावर निवृत्त झालेले नसते. बॉक्सरची बारा वर्षे भरत आलेली असताना तो कोसळतो. त्याला दवाखान्यात नेत असल्याचे सांगितले जाते. गाडी दाराशी येते, आणि तेव्हा कोठे बेंजामिन धावत येतो आणि गाडीवरची अक्षरे मोठ्याने वाचतो. ती खाटकाची गाडी असते. इतकी वर्षे वाचता येत असून जो वाचला नाही, तो पहिल्यांदा वाचतो आणि उशीर झालेला असतो. पुढे डुकरांनी कोठून तरी पैसे मिळवून व्हिस्कीची पेटी आणल्याचे कळते.

बेंजामिनला पुष्कळ वाचक शहाणा समजतात, कारण तो कशावरच विश्वास ठेवत नाही. आम्ही त्याला या गोष्टीतील सर्वांत महागडा सभासद म्हणतो. मेंढरांना कळत नव्हते; याला कळत होते. आपल्या शिकलेल्या मंडळींत, सर्व ओळखून कोपऱ्यात बसणाऱ्यांत, बेंजामिन फार आहेत, आणि ‘सत्ता भ्रष्ट करते’ हे वाक्य त्यांना फार आवडते. त्या वाक्याने काही करावयाचे उरत नाही.

एक आक्षेप

येथे कोणी म्हणेल, दडपले गेले त्यांच्याच माथी तुम्ही दोष मारता. कुत्र्यांपुढे कोंबडीने काय करावे? आक्षेप वजनदार आहे. पुस्तकानेही तो टाळलेला नाही. आठवड्याला चारशे अंडी देण्याचा हुकूम निघाला तेव्हा कोंबड्या लढल्या. आढ्यावर बसून त्यांनी अंडी खाली टाकून फोडली. नेपोलियनने त्यांचा दाणा बंद केला. पाच दिवस त्या टिकल्या, नऊ मेल्या, त्या रोगाने मेल्या असे जाहीर झाले. पुस्तकातील हा एकमेव खरा संप आहे, आणि तो हरला. इतर कोणीही त्यांच्या बाजूला उभे राहिले नाही, हे जितके खरे, तितकेच हेही खरे, की तोवर कुत्रे मोठे झाले होते.

म्हणूनच वेळ महत्त्वाची. रविवारच्या सभा चालू होत्या, मतदान होत होते, पिल्ले माळ्यावर डोळेही उघडत नव्हती, तेव्हा दुधाविषयी विचारण्याची किंमत केवळ थोडा संकोच एवढीच होती. प्रश्न जितका लांबला तितकी त्याची किंमत चढत गेली, आणि शेवटी ती जिवाइतकी झाली. दोष कोणाचा हे ठरवण्यासाठी आम्ही हे मांडत नाही. प्रश्न स्वस्त असताना विचारण्याची सवय मुलांना लागावी, म्हणून मांडतो.

चांगली डुकरे आणि बदललेला शेवट

ऑर्वेलचे हस्तलिखित नाकारणाऱ्यांत गोलान्झ आणि जोनाथन केप यांच्याबरोबर फेबर ही संस्थाही होती; तिच्या वतीने जुलै १९४४ मध्ये कवी टी. एस. एलियट यांनी पत्र लिहिले. त्यातील एक मुद्दा वर्गात चर्चेला घेण्याजोगा आहे. डुकरेच सर्वांत बुद्धिमान असल्याने शेत चालवण्यास तीच लायक होती. तेव्हा उणीव होती ती अधिक लोकहितबुद्धीच्या डुकरांची, असे त्यांचे म्हणणे. सज्जन पुढारी मिळाला की सर्व ठीक होईल, ही आपल्याकडेही मोठी लाडकी समजूत आहे. पण दूध वाटताना सर्व डुकरे एक झाली होती, त्यांत सज्जनही असतील. सज्जनालाही चोपडी दाखवावी लागेल अशी व्यवस्था हवी. तीच त्याला सज्जन राहायला मदत करते.

दुसरी चर्चा चित्रपटाची. १९५४ साली हालास आणि बॅचलर यांनी या कथेचा व्यंगचित्रपट केला. त्यामागे अमेरिकन गुप्तहेर खात्याचा पैसा होता, हे पुढे उघड झाले. त्यात शेवटी जनावरे डुकरांवर चाल करून जातात, आणि पुस्तकातल्या अखेरच्या मेजवानीतली माणसे तेथे नाहीत. म्हणजे डुकरांवरची टीका राहिली आणि माणसांवरची गेली. पुस्तकात मात्र दोघे सारखे दिसतात, आणि खिडकीबाहेरून पाहणारी जनावरे दोघांनाही ओळखतात. सोव्हिएत सत्तेवर लिहिलेले पुस्तकही दुसऱ्या सत्तेला जसेच्या तसे परवडले नाही, हे मुलांना जरूर सांगावे.

वर्गात काय करावे

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला एक कोरी वही द्यावी आणि त्या शेताच्या सभांचे इतिवृत्त लिहायला सांगावे. कोण हजर होते, ठराव कोणी मांडला, विरोध कोणी केला, मत घेतले का, शिल्लक किती होती. पाच बादल्यांची नोंद पहिल्या पानावर यावी. दहाव्या प्रकरणापर्यंत वही भरली की ती भिंतीवरच्या सूत्रांशी ताडून पाहावी. कोठे फरक पडला, तो प्रथम कोणाच्या लक्षात आला, आणि त्याने काय केले, हे मुलांनी स्वतः शोधावे. रशियाची किल्ली त्यानंतर द्यावी. तेव्हा ती पाठ करावी लागणार नाही.

अशा वर्गातून निघालेले मूल उद्या पतपेढीचे, गृहनिर्माण संस्थेचे, कामगार संघटनेचे सभासद होईल. वार्षिक सभेत चहा-बिस्किटांच्या घाईत जमाखर्च ‘वाचला असे समजून’ मंजूर होऊ लागेल, तेव्हा त्याने उठून एवढेच म्हणावे, “थांबा, एकदा वाचून दाखवा.” त्याच्या शेजारी बसलेल्या दोघांनी त्याला खाली ओढण्याऐवजी दुजोरा द्यावा. एवढे झाले तरी पुस्तक शिकवल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.